बोर्मिओचा संघ आणि मोडलेले संघराज्य

राजकीय अभ्यासवर्गात बास्केटबॉलचा विषय निघावा, याचे काहींना नवल वाटेल. समाजवादी चळवळीत खेळाकडे एक तर करमणूक म्हणून पाहिले जाते किंवा जनतेचे लक्ष मूळ प्रश्नांवरून उडवण्याचे साधन म्हणून. दोन्ही दृष्टी अपुऱ्या आहेत. माणसे एकत्र येऊन काही घडवतात ते कोणत्या नियमांनी, कोणाच्या खर्चाने आणि कोणाच्या विश्वासावर, हा प्रश्न कारखान्याइतकाच क्रीडांगणालाही लागू पडतो. युगोस्लाव्हियाच्या कुमार संघाची कहाणी या प्रश्नासाठी मुद्दाम आठवावी अशी आहे.

१९८७ च्या उन्हाळ्यात इटलीतील बोर्मिओ या आल्प्सच्या कुशीतील गावी एकोणीस वर्षांखालील मुलांची जागतिक बास्केटबॉल स्पर्धा भरली होती. अमेरिकेचा संघ लॅरी ब्राउन या नामांकित प्रशिक्षकाच्या हाताखाली आला होता. गॅरी पेटन, लॅरी जॉन्सन, स्टेसी ऑगमन ही पुढे गाजलेली नावे त्यात होती. साखळी सामन्यात युगोस्लाव्ह मुलांनी या संघाला ११०-९५ असे हरवले. त्या सामन्यात टोनी कुकोच याने तीन गुणांच्या बारा फेकींपैकी अकरा अचूक टाकल्या आणि एकट्याने ३७ गुण मिळवले. अंतिम सामन्यात पुन्हा हेच दोन संघ समोरासमोर आले. कुकोचला अडवले तर विजय आपला, असा अमेरिकनांचा हिशेब असावा. परंतु एकाला अडवल्याने तो संघ अडत नव्हता. युगोस्लाव्हियाने तो सामना ८६-७६ असा जिंकला.

ही मुले होती कोठली? कुकोच आणि दिनो राजा हे क्रोएशियाच्या किनाऱ्यावरील स्प्लिट शहराचे. व्लादे दिवाच सर्बियातील प्रियेपोल्ये या लहानशा गावचा, अलेक्सांदर जॉर्जेविच बेलग्रेडचा. लूका पाविचेविच माँटेनिग्रोचा, तर तेओमान अलिबेगोविच बोस्नियातील झेनित्सा या पोलाद-कारखान्याच्या गावी जन्मलेला. प्रशिक्षक स्वेतिस्लाव पेशिच हे मूळचे सर्बियाचे. पण खेळाडू म्हणून त्यांचे नाव झाले ते सारायेव्होच्या ‘बोस्ना’ संघात. याच संघाने १९७९ साली युरोपीय क्लबांचे अजिंक्यपद मिळवले होते. कोणी कॅथॉलिक, कोणी ऑर्थोडॉक्स, कोणी मुसलमान घरातला. चेंडू कोणाकडे द्यायचा हे ठरवताना हा तपशील कोणी विचारात घेत नव्हते.

हे यश आकाशातून पडलेले नव्हते. या पिढीने आदल्याच वर्षी ऑस्ट्रियातील ग्मुंडेन येथे युरोपीय कुमार अजिंक्यपद पटकावले होते. अमेरिकेचा संघ महाविद्यालयांतून वेचून थोड्या काळासाठी जुळवलेला; युगोस्लाव्ह मुले मात्र राष्ट्रीय शिबिरांतून एकत्र वाढलेली होती. त्यामागे सार्वजनिक संस्थांचे मोठे जाळे होते. स्प्लिटच्या क्लबाला ‘युगोप्लास्टिका’ या प्लास्टिकच्या वस्तू बनवणाऱ्या कारखान्याचे नाव आणि आधार होता. कुकोच, राजा व पाविचेविच खेळत असलेला हा क्लब, बोझिदार माल्कोविच या सर्बियन प्रशिक्षकाच्या हाताखाली, १९८९ व १९९० अशी लागोपाठ दोन वर्षे युरोपचा विजेता ठरला. कामगारांच्या श्रमांतून उभ्या राहिलेल्या धनाचा काही भाग गावच्या पोरांच्या खेळाकडे वळतो आणि त्यातून जागतिक दर्जाची कला उभी राहते, हे तेथे प्रत्यक्ष घडले होते. खेळाडूंच्या विक्रीचा बाजार म्हणजेच क्रीडाविकास, असे मानणाऱ्यांनी हा दाखला विसरू नये.

मात्र येथेच थांबले तर ती आत्मवंचना होईल. कारण ज्या १९८७ साली बोर्मिओत ही मुले एकमेकांच्या गळ्यात पडत होती, त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये स्लोबोदान मिलोशेविच यांनी कोसोवो पोल्ये येथे सर्ब जनतेच्या गाऱ्हाण्यांना हात घालून आपल्या नव्या राजकारणाचा पाया घातला होता, आणि सप्टेंबरात सर्बियातील पक्षावर त्यांची पकड बसली. देशाच्या डोक्यावर सुमारे वीस अब्ज डॉलरांचे परकीय कर्ज होते. नाणेनिधीच्या अटींखाली आयात आवळली गेली, वेतनांची किंमत घसरली, सुशिक्षित तरुण बेकार फिरू लागले. १९८९ साली महागाईचा वार्षिक दर एक हजार टक्क्यांच्या पुढे गेला. श्रीमंत स्लोव्हेनिया म्हणे, आमचा पैसा दक्षिणेच्या खड्ड्यात जातो. दरिद्री कोसोवो म्हणे, आमच्या वाट्याला खाणी येतात आणि नफा दुसऱ्यांच्या. प्रत्येक गणराज्याची आपली गुंतवणूक, आपला कारखाना, आपली बँक. बाजारपेठ एक म्हणायची आणि हिशेब सहा ठिकाणी ठेवायचे, अशी ती अर्थव्यवस्था झाली होती.

या विघटनाची दोन सोपी स्पष्टीकरणे दिली जातात. एक असे, की बाल्कन लोकांचे वैर शतकानुशतकांचे आहे. तसे असते तर बोर्मिओचा संघ उभाच राहिला नसता. दुसरे असे, की सारे परक्यांचे कारस्थान. कर्ज देणारे परके होते हे खरे; पण कर्जाचा बोजा कोणी किती सोसावा, हे ठरवण्याचे लोकमान्य व्यासपीठ देशात नव्हते, हे त्याहून मोठे सत्य आहे. कारखान्याच्या पातळीवर कामगारांचे स्वयंशासन १९५० पासून कायद्याने आले होते, आणि जगभरच्या समाजवाद्यांनी त्याकडे आशेने पाहिले. परंतु कारखान्यात मत आणि देशाच्या कारभारात मौन, अशी ती लोकशाही होती. ‘बंधुत्व आणि एकता’ ही घोषणा वरून खाली येत असे. खालून वर जाण्याची वाट एकाच पक्षाच्या दारातून होती.

१९९० साली बहुपक्षीय निवडणुका झाल्या, त्या गणराज्यनिहाय. संपूर्ण युगोस्लाव्हियाच्या नागरिकांनी एकत्र मतदान करावे अशी निवडणूक कधी झालीच नाही. संघराज्याचे पंतप्रधान अँते मार्कोविच यांनी दिनारला स्थैर्य देण्याचा प्रयत्न केला आणि त्या वर्षीच्या जुलैत देशव्यापी सुधारणावादी पक्ष काढला. तोवर स्लोव्हेनिया आणि क्रोएशियातील मतपेट्या उघडून झाल्या होत्या. एकत्र खेळणारा संघ देशाजवळ होता, एकत्र मत देणारा नागरिक मात्र घडवला गेला नव्हता.

पुढचे सारे त्या मुलांच्या आयुष्यावर लिहिले गेले. जून १९९१ मध्ये रोम येथे युरोपीय अजिंक्यपदाची स्पर्धा चालू होती. कुकोच, राजा, दिवाच, जॉर्जेविच हे बोर्मिओचे चौघे आता देशाच्या मुख्य संघात होते. २५ जूनला स्लोव्हेनिया आणि क्रोएशियाने स्वातंत्र्य घोषित केले. युरे झ्दोव्त्स या स्लोव्हेनियन खेळाडूला त्याच्या सरकारच्या आदेशावरून स्पर्धा अर्धी टाकून परतावे लागले. उरलेल्यांनी यजमान इटलीला अंतिम सामन्यात हरवून सुवर्णपदक घेतले. जिंकलेला देश तेव्हा तुटत होता. मे १९९२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या निर्बंधांत क्रीडास्पर्धाही आल्या. १९९३ साली बोस्नियाचा संघ युरोपीय स्पर्धेत उतरला तेव्हा त्यांचे सारायेव्हो वेढ्यात होते. आणि त्या स्पर्धेत जर्मनीला विजेतेपद मिळवून देणारे प्रशिक्षक पेशिचच होते. १९९५ साली अथेन्समध्ये सर्बिया-माँटेनिग्रोच्या युगोस्लाव्हियाने सुवर्ण जिंकले. क्रोएशियाचा संघ कांस्यपदक घेऊन, विजेत्यांचे राष्ट्रगीत सुरू होण्यापूर्वीच मंचावरून उतरला. बोर्मिओचे सोबती त्या दिवशी दोन्ही बाजूंना होते.

दिवाच आणि क्रोएशियाचा थोर खेळाडू द्राझेन पेट्रोविच यांची मैत्रीही अशीच गेली. १९९० च्या जागतिक विजयानंतर एक प्रेक्षक क्रोएशियाचा ध्वज घेऊन मैदानात धावला आणि दिवाचने तो दूर सारला. दोघांत अबोला आला. जून १९९३ मध्ये पेट्रोविच जर्मनीतील मोटार अपघातात मरण पावला, आणि समेट राहून गेला. ‘युगोप्लास्टिका’ हा कारखानाही खासगीकरणाच्या काळात टिकला नाही.

मित्रहो, यातून कार्यकर्त्यांनी काय घ्यावे? पदकांनी राष्ट्र जोडले जाते, ही समजूत प्रथम सोडावी. विजयाच्या रात्री रस्त्यावर नाचणारी गर्दी म्हणजे ऐक्य नव्हे. ते ऐक्याचे उसने अवसान असू शकते. पण त्याच्या उलट टोकाला जाऊन, निरनिराळ्या भाषांची, धर्मांची माणसे एकत्र नांदणेच अशक्य, असेही मानू नये. बोर्मिओच्या मुलांनी ते शक्य करून दाखवले होते. तेथे निवडीचा नियम सर्वांना सारखा होता, प्रत्येकाच्या श्रमाला जागा होती, आणि मिळालेले यश कोणा एका गावाच्या नावे जमा होत नव्हते. हेच तीन नियम संघराज्याच्या अर्थकारणात आणि राजकारणात उतरवावे लागतात. मागास प्रदेशाचा वाटा दयेने न देता हक्काने द्यावा लागतो, संपन्न प्रदेशाला हिशेब उघडपणे दाखवावा लागतो, आणि या दोहोंचा निवाडा सर्व नागरिकांच्या मताने व्हावा लागतो.

बहुभाषिक, बहुधर्मी संघराज्यात राहणाऱ्यांना ही गोष्ट परक्या देशाची म्हणून बाजूला ठेवता येणार नाही. एकोणीस वर्षांच्या मुलांना जे साधले ते त्यांच्या पुढाऱ्यांना साधले नाही, आणि त्याची किंमत लाखभराहून अधिक माणसांनी प्राणाने मोजली. म्हणून संघराज्यातील वाटपाचे प्रश्न निघतील तेव्हा ते टाळू नयेत, भावनेच्या पुढाऱ्यांच्या हाती तर मुळीच सोडू नयेत. गावोगावच्या सभांत, कामगारांच्या बैठकांत ते आकडेवारीसह मांडावेत. ते काम आज केले नाही, तर उद्या ते द्वेषाच्या भाषेत मांडणारे कोणीतरी उभे राहतेच.