फलक, फूटपट्टी आणि मीटर

(करमाळा येथे शिक्षक, पंचायत सदस्य व कर्मचारी यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ग्रामसभेची सूचना असो, शाळाप्रवेशाचे आवाहन असो किंवा लसीकरणाची तारीख असो, गावातील प्रत्येक माणसाच्या दृष्टीस ती पडावी यासाठी मोठा फलक लागतो. पूर्वी हे काम रंगाऱ्याकडे असे. त्यानंतर फ्लेक्स छापणारी यंत्रे तालुक्याच्या ठिकाणी आली. आज ग्रामपंचायतीत, शाळेत आणि अनेक घरांतही संगणक व छपाईयंत्र आहे. साध्या कागदांवर तुकड्यातुकड्यांनी छापून व ते जोडून दहा फुटी फलक घरच्या घरी तयार करता येतो. काम कठीण नाही. तथापि ते बिघडते ते बहुधा एकाच ठिकाणी, आणि ते ठिकाण म्हणजे माप.

याचे कारण उघड आहे. फलक मागणारा फुटांत बोलतो, कागद मिलिमीटरांत कापलेला असतो, अक्षराचा आकार पॉइंटांत सांगितला जातो आणि छपाईची सूक्ष्मता दर इंचातील ठिपक्यांत मोजली जाते. एकाच कामात दोन मापपद्धती एकत्र नांदतात. त्यांचा मेळ घातला नाही, तर कागद, शाई आणि वेळ तिन्ही वाया जातात.

भारताने दशमान पद्धतीचा स्वीकार करून आता बराच काळ लोटला. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली. वजने व मापे यांसंबंधीचा कायदा १९५६ साली झाला आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून मेट्रिक वजनांचा वापर टप्प्याटप्प्याने सुरू झाला. शेर, मण व तोळा यांच्या जागी किलोग्रॅम आणि ग्रॅम आले. आजचा वैध मापनशास्त्र अधिनियम २००९ चा असून तो १ एप्रिल २०११ पासून अमलात आहे. वस्तूचा वा सेवेचा दर प्रमाण एककांतच सांगितला जावा, अशी त्याची अपेक्षा आहे. असे असूनही फलकाचा दर चौरस फुटावरच सांगितला जातो.

करमाळा तालुक्याला हा दुहेरी कारभार नवा नाही. जेऊर स्थानकावरून जाणाऱ्या लोहमार्गाच्या रुळांमधील अंतर मुळात साडेपाच फूट म्हणून ठरले; आज ते १,६७६ मिलिमीटर लिहितात. उजनीच्या जलाशयाचे पाणी तालुक्याच्या शिवाराला भिडलेले आहे. त्या धरणाची क्षमता लोक ११७ टीएमसी म्हणून सांगतात. टीएमसी म्हणजे हजार दशलक्ष घनफूट. शासकीय तक्त्यात तेच पाणी दशलक्ष घनमीटरांत असते. एक टीएमसी म्हणजे २८.३२ दशलक्ष घनमीटर. केळीच्या बागेत रोपे सहा बाय पाच फुटांवर लावली जातात आणि त्यांना पाणी देणारी ठिबकाची नळी १६ मिलिमीटर व्यासाची असते. कापडाच्या दुकानात पन्हा इंचांत आणि लांबी मीटरमध्ये. सवयीने हे सारे चालते, कारण त्या त्या ठिकाणी मापे एकमेकांत मिसळत नाहीत. फलकात मात्र ती मिसळतात.

आता प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. फलकाचे एक प्रचलित माप दहा बाय तीन फूट. फूट म्हणजे ३०.४८ सेंटिमीटर आणि इंच म्हणजे बरोबर २५.४ मिलिमीटर, इंचाचे हे मूल्य १९५९ च्या आंतरराष्ट्रीय करारान्वये ठरले. या हिशेबाने फलक ३,०४८ मिलिमीटर लांब व सुमारे ९१४ मिलिमीटर उंच होतो. नेहमीचा ए-४ कागद २१० बाय २९७ मिलिमीटरचा. छपाईयंत्र कडांना जागा सोडते. ती प्रत्येक बाजूस ५ मिलिमीटर धरली, तर छापण्याजोगा भाग २०० बाय २८७ उरतो. चिकटवण्यासाठी एक कागद दुसऱ्यावर १० मिलिमीटर चढवला, तर पहिल्यानंतरचा प्रत्येक कागद १९० बाय २७७ मिलिमीटर एवढीच भर घालतो.

कागद आडवे ठेवले, तर लांबीत ११ आणि उंचीत ५, असे ५५ कागद लागतात. उभे ठेवले, तर लांबीत १६ आणि उंचीत ४, म्हणजे ६४. केवळ कागद कसा ठेवायचा याचा आधी विचार केल्याने ९ कागद वाचतात.

पुष्कळदा असे म्हटले जाते, की दहा बाय तीन फूट म्हणजे ढोबळ मानाने तीन मीटर बाय एक मीटर. बोलण्यात हे खपून जाते. छपाईत खपत नाही. तीन मीटर ही लांबी दहा फुटांपेक्षा ४.८ सेंटिमीटरने कमी आहे, तर एक मीटर ही उंची तीन फुटांपेक्षा साडेआठ सेंटिमीटरने अधिक. तीन फुटी चौकटीत असा फलक बसणार नाही. वरची ओळ किंवा खालची तारीख दुमडावी लागेल. क्षेत्रफळ ३० चौरस फुटांऐवजी ३२.२९ चौरस फूट होते. दर चौरस फुटाचा असेल, तर देयक साडेसात टक्क्यांहून अधिक वाढते. घरी छापताना आडव्या कागदांची एक संपूर्ण ओळ वाढून ५५ चे ६६ कागद होतात. मग उभे ६४ च स्वस्त पडतात! एका ढोबळ आकड्याने सगळा हिशेब उलटा होतो, तो असा.

दुसरी चूक संगणकाच्या पडद्यावर होते. अमेरिकेतील प्रचलित कागद साडेआठ बाय अकरा इंचांचा, म्हणजे सुमारे २१६ बाय २७९ मिलिमीटर. अनेक संगणकांत हाच आकार आधीपासून निवडलेला असतो आणि यंत्रात मात्र ए-४ कागद असतो. रुंदीत ६ मिलिमीटर जास्त आणि उंचीत १८ मिलिमीटर कमी, अशी ही गफलत प्रत्येक जोडावर दिसते. शिरोरेषा तुटते आणि वेलांट्या कापल्या जातात. तिसरी चूक ‘फिट टू पेज’ या पर्यायाची. तो निवडला, की यंत्र मजकूर थोडा लहान करते. ही घट तीन टक्के असली, तरी दहा फुटांत ९ सेंटिमीटर नाहीसे होतात. म्हणून ‘ॲक्च्युअल साइज’ किंवा शंभर टक्के हाच पर्याय निवडावा. खात्रीचा उपाय सोपा आहे. पहिल्या कागदावर १० सेंटिमीटरची एक रेघ छापावी आणि शाळेच्या पट्टीने मोजावी. ती दहा भरली, तरच पुढचे कागद छापावेत.

येथे जुन्या मापाचा एक गुणही मान्य केला पाहिजे. फलकाचा लहान नमुना काढायचा, तर एक फुटास एक इंच हे प्रमाण सोयीचे आहे. दहा बाय तीन इंचांचा नमुना ए-४ कागदावर सहज मावतो व तो बारा पट मोठा केला, की फलक तयार होतो. दशमांश प्रमाणाने काढलेला नमुना ३०४.८ मिलिमीटरचा होतो आणि २९७ मिलिमीटरच्या कागदाबाहेर जातो. प्रश्न कोणती पद्धत थोर आहे, हा नाही. काम सुरू करताना एक पद्धत निवडावी, शेवटपर्यंत तीच ठेवावी आणि रूपांतर करायचे तर एकदाच व पूर्ण आकड्यांनिशी करावे, एवढेच सूत्र आहे.

फलक वाचला जाणे हे त्याचे प्रयोजन आहे. वाचणारा जितके मीटर दूर, त्याच्या साधारण आठपट मिलिमीटर अक्षराची उंची असावी, असा व्यवहारी संकेत आहे. चावडीसमोरच्या रस्त्यावरून, १५ मीटरवरून, वाचायचे तर अक्षर १२ सेंटिमीटरचे हवे. देवनागरीत वेलांटी, मात्रा व रफार वर आणि उकार खाली येतात. त्यामुळे ओळीला अक्षराच्या दीडपट जागा द्यावी लागते. तीन फुटी फलकावर अशा तीन ओळी नीट बसतात. चौथी कोंबली, की कोणतीच वाचली जात नाही. काय, कोठे आणि केव्हा, एवढे तीन ओळींत यावे.

छापलेल्या प्रत्येक कागदाच्या मागे ओळ व क्रमांक लिहावा. आधी आडव्या ओळी जोडाव्यात, नंतर ताणलेल्या दोरीच्या आधाराने ओळी एकमेकींना चिकटवाव्यात. शाईफवारा यंत्राची साधी शाई पावसात ओघळते, म्हणून असा फलक वऱ्हांड्यात किंवा सभागृहात लावणे इष्ट. सार्वजनिक भिंतीवर परवानगीवाचून काहीही डकवणे योग्य नाही. त्यासाठी १९९५ चा मालमत्ता विद्रूपीकरण प्रतिबंधाचा राज्य कायदा आहे.

एवढ्याशा फलकासाठी इतकी चिकित्सा कशाला, असे कोणाच्या मनात येईल. उत्तर सातबाराच्या उताऱ्यावर आहे. तेथे क्षेत्र हेक्टर व आर यांत लिहिलेले असते आणि व्यवहार एकर-गुंठ्यांत बोलला जातो. गुंठा म्हणजे ३३ बाय ३३ फूट, १,०८९ चौरस फूट; तो १.०१ आरांहून किंचित मोठा आहे. ‘एक आर म्हणजे एक गुंठा’ असे धरून १ हेक्टर जमीन १०० गुंठे समजली, तर १,२६० चौरस फुटांची तफावत पडते. एका कुटुंबाचे घर उभे राहील एवढी ती जागा आहे. बांधावरून भाऊ भावाशी बोलेनासा होतो, तेव्हा त्या भांडणाच्या मुळाशी कधी कधी एवढाच ढोबळ आकडा असतो.

मोठ्या जगातही हेच घडले आहे. १९८३ साली कॅनडात एका प्रवासी विमानात इंधन भरताना पौंड व किलोग्रॅम यांचा घोटाळा झाला आणि इंधन आकाशातच संपले. वैमानिकांनी ते तरंगत गिमली येथील जुन्या धावपट्टीवर उतरवले, म्हणून प्रवासी बचावले. १९९९ साली अमेरिकेचे मंगळाकडे पाठवलेले यान दोन मापपद्धतींच्या गोंधळामुळे नष्ट झाले. ज्यांच्याकडे उत्तमोत्तम साधने होती, त्यांच्याकडूनही आकड्यापुढे एकक तपासायचे राहिले.

शिक्षकांच्या हाती येथे मोठे काम आहे. मूल वर्गात सेंटिमीटर शिकते आणि घरी फूट ऐकते. दोन्हींमधला पूल त्याला कोणी बांधून देत नाही. शाळेचा पुढचा फलक सातवी-आठवीच्या मुलांकडून मोजून, आखून व जोडून घ्यावा. गुणोत्तर, क्षेत्रफळ आणि दशांश अपूर्णांक यांचा असा पाठ पुस्तकात मिळणार नाही. पंचायतीने दरपत्रक मागवताना फुटाबरोबर मीटरमधील मापही लिहावे आणि देयक मंजूर करण्यापूर्वी फलकाला टेप लावावा. आकडा लिहिला, की त्यापुढे एकक लिहायचे, ही सवय फलकापासून लागली, तर ती सातबारापर्यंत पोहोचेल.