डॉक्टर विली

महाड-पोलादपुराहून कशेडी घाट ओलांडून दक्षिणेकडे जाणारा हमरस्ता पुढें गोव्यास पोहोंचतो. त्या गोव्याचे माजी मुख्यमंत्री डॉ. विल्फ्रेड डिसोझा हे ४ सप्टेंबर २०१५ रोजीं निवर्तले. १९२७ सालीं जन्मलेले, 'एफ. आर. सी. एस.' झालेले हे निष्णात शस्त्रवैद्य राजकारणांत शिरले आणि तीन वेळां मुख्यमंत्रिपदावर बसले.

शस्त्रक्रियेंत निर्णय एका हाताचा असतो; राजकारणांत तो आमदारांच्या शिरगणतीवर अवलंबून. एप्रिल १९९४ मध्यें राज्यपालांनीं त्यांस पदच्युत केलें. सहा दिवसांत तें पद परत मिळालें. १९९८ सालीं काँग्रेस सोडून त्यांनीं निराळा पक्ष काढिला व मंत्रिमंडळ बनविलें. तें चार महिनेहि टिकलें नाहीं. मृत्यूनंतरच्या स्तुतींत हें पक्षांतर झांकूं नये.

तरीहि गोव्यांत ते 'डॉक्टर विली'च राहिले. सत्ता मोजून मिळते, मोजूनच जाते. रोग्याच्या उशाशीं मिळविलेल्या विश्वासाची मोजदाद होत नाहीं. घाटाखालच्या वाडीवस्तींत रात्रीं डॉक्टरची वाट पाहिलेल्यांस हें सांगावयास नको.