आधी वाळू द्या

घटस्थापना तोंडावर आली की आपण कुंभाराच्या दारात जातो आणि विचारतो, "परवापर्यंत मिळतील ना?" कृपा करून असं विचारू नका, एवढंच सांगायला आज मी आलो आहे.

भट्टी म्हणजे जाळ, असं आपण धरून चालतो. पण कुंभाराची खरी झुंज पाण्याशी असते. थापटून झालेलं मडकं हाताला कोरडं लागलं, तरी अंगात ओल धरून असतं. भाद्रपदातल्या दमट हवेत तर विचारूच नका. त्याला एकदम जाळ दिला की आतल्या पाण्याची वाफ होते, आणि वाफेला पाण्याच्या सुमारे १,६०० पट जागा लागते. मडकं फुटतं, शेजारची दोन-चार घेऊन फुटतं.

घरची भाकरी आठवा. तव्यावर टाकली की वरून पाणी फिरवायचं, ते सुकू द्यायचं, उलटायची आणि मगच जाळावर धरायची. थेट जाळात घातली तर बाहेरून करपेल, आत कच्ची राहील. पण भाकरीला पापुद्रा सुटतो, वाफ त्यात मावते आणि ती टम्म फुगते. मडक्याला पापुद्रा नाही! म्हणून कुंभार आधी नुसती धग देतो. तेव्हा पांढरा, दाट धूर निघतो आणि शेजारी कुरकुरतात. अहो, त्यात मडक्यांतली वाफही असते. ती ओसरली की मगच लाकूड वाढवायचं. मातीच्या कणाकणात बांधलेलं पाणी साधारण ५०० अंशांच्या आसपास सुटतं; त्यानंतर त्या मातीचा पुन्हा चिखल होत नाही.

मातीत घोड्याची लीद मिसळतात, तीही याचसाठी. लीद वाफेला वाट देते आणि जळून गेली की बारीक छिद्रं मागे ठेवते. त्याच छिद्रांतून झिरपून माठातलं पाणी गार होतं.

पुन्हा सांगतो, हाताला कोरडं म्हणजे आतून कोरडं नव्हे. वाळायला लागतात ते दिवस कुंभाराला कमी करता येत नाहीत. भट्टी विझल्यावरही ती लगेच उघडायची नसते.

तेव्हा घट हवे असतील तर गणपतीतच सांगून ठेवा, संक्रांतीची सुगडं मार्गशीर्षात सांगा. आणि सांगताना थोडा विसार हातावर ठेवा. लाकूड त्याला आधी विकत घ्यावं लागतं.