निसर्गाचा नियम

कुटुंब सल्ला केंद्रात बसलं की एक वाक्य हमखास कानी पडतं : "बाईनं पडतं घ्यावं, हा निसर्गाचाच नियम आहे."

हा निसर्ग मी यंदा जवळून पाहिला. अंदमानात स्वराज द्वीपच्या (२०१८ पर्यंतचं हॅवलॉक) किनाऱ्यावरून, पाठीवर हवेची टाकी बांधून चालतच पाण्यात शिरले. 'नेमो रीफ' म्हणतात त्या जागेला. मुलींना विहिरीत उतरू न देणारं आमचं घर. मी पोहायला शिकले तिशीनंतर. पहिली काही मिनिटं नुसती घाबरले होते.

मग समुद्रफुलात क्लाउनफिश दिसले. नारिंगी, अंगावर पांढरे पट्टे. डंख मारणाऱ्या त्या झुबक्यात ते बिनधास्त राहतात. त्या कुटुंबात सर्वांत मोठी असते मादी, तिच्या खालोखाल तिचा नर. अंडी राखणं, परांनी त्यांच्यावर पाणी खेळवणं हे काम मुख्यतः नराचं. आणि मादी मेली की तोच नर मादी होतो! २००३च्या 'फाइंडिंग नेमो'त बाप शेवटपर्यंत बापच राहिला, ती सिनेमावाल्यांची सोय.

माशांवरून आपले हक्क ठरत नाहीत, हे मलाही कळतं. पण परवा एका सासऱ्यांनी तेच वाक्य पुन्हा ऐकवलं, तेव्हा मी विचारलं, "कुठल्या निसर्गाचा, काका?"

पुढच्या मंगळवारी ते पुन्हा येणार आहेत.