लाल रेघ

चेन्नईला मैलापुरात माझ्या शेजारचा एक मुलगा माझ्याकडे इंग्रजी शिकावयास येतो. घराणे तंजावरी मराठ्यांचे. घरात मराठी, रस्त्यावर तमिळ आणि शाळेत इंग्रजी, असा त्याचा त्रिस्थळी संसार. मरीनाच्या किनाऱ्यावरील संध्याकाळ या विषयावर त्याने निबंध लिहिला. गुण मिळाले दहांपैकी 4.

'सुंडल' या शब्दावर लाल रेघ होती. उकडलेले वाटाणे, खोबरे आणि कैरीच्या फोडी यांचा हा तिथला खाऊ. शब्द इंग्रजी नाही, हा आक्षेप. त्याच पानावरचा 'कॅटमरान' मात्र सुखरूप होता! वस्तुतः तो तमिळ 'कट्टुमरम्', म्हणजे बांधलेली लाकडे, यावरूनच इंग्रजीत गेला. शिवाय एक वाक्य 'विथ'ने संपले म्हणून छाटलेले. त्या नियमाला फाउलरने 1926 सालीच जुनी अंधश्रद्धा म्हटले होते.

मी फाउलरच मुलापुढे उघडून ठेवला. तिथे माझे चुकले.

पुढच्या वहीत 'डिस्कस'पुढचा 'अबाउट' मास्तरांनी खोडला होता. "काका, हेही त्यांचं चूकच ना?" त्याने उत्साहाने विचारले. मास्तरांचेच बरोबर होते. आणि तो 'अबाउट' आदल्या संध्याकाळी माझ्याच नजरेतून निसटला होता.

निबंधाचे गुण म्हणजे सोन्याचा काटा नव्हे. 1912 साली अमेरिकेत स्टार्च आणि एलियट यांनी इंग्रजीची एकच उत्तरपत्रिका अनेक शिक्षकांकडून तपासून घेतली, तेव्हा कोणी नव्वदीच्या वर गेले, तर कोणी कितीतरी खाली राहिले. पण हा काटा चालतो घरोघरच्या मुलांवर. कुंभकोणमच्या सरकारी कॉलेजात रामानुजन यांची शिष्यवृत्ती गेली ती इंग्रजीत नापास झाल्यामुळे.

तक्रार नेऊ का, असे मुलाच्या वडिलांनी विचारले. मी नको म्हटले. मुलानेच वही घेऊन जावे, 'अबाउट'ची चूक आधी कबूल करावी आणि मग सुंडलविषयी विचारावे, असे ठरले. गुण चारच राहिले. मात्र समासात मास्तरांनी नवी ओळ लिहिली: परक्याला कळेल असे वर्णन कर, मग शब्द ठेव.

सध्या तो त्याच खटपटीत आहे. वाटाणे आणि खोबरे जमले. कैरीपाशी गाडे अडले आहे.