भूदान-पदयात्रेपासून घ्यावयाचा बोध
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले भाषण)



दानधर्माविषयी दोन शब्द बोलण्याची आम्हांस आज्ञा झाली आहे. दान मागण्यासाठी आपल्या देशात अनेकांनी पायपीट केली. परंतु आचार्य विनोबा भावे यांच्या भूदान-पदयात्रेएवढी दीर्घ यात्रा आम्हांस दुसरी आठवत नाही. विनोबांचे नाव खानदेशास परके नाही. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी दर रविवारी एक याप्रमाणे गीतेवर अठरा प्रवचने दिली आणि अमळनेरास शिक्षक राहिलेल्या साने गुरुजींनी ती टिपून घेतली.

पुढे १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली गावी दलित कुटुंबांनी विनोबांपाशी ऐंशी एकर जमीन मागितली, आणि रामचंद्र रेड्डी या गृहस्थांनी तेथेच शंभर एकर देऊ केली. तेव्हापासून, आपणास घरातील सहावा पुत्र समजून सहावा हिस्सा द्यावा, असे मागत विनोबा गावोगाव पायी हिंडले. १९६४ साली ते पवनारास परतले, तोवर चाळीस लाख एकरांहून अधिक जमिनीचे दान जाहीर झाले होते.

हा आकडा ऐकून ऊर भरून येतो. तथापि त्यातील फार मोठा भाग भूमिहीनांच्या हाती पडलाच नाही. काही जमीन खडकाळ निघाली, काही तंट्यात अडकलेली होती. दानपत्रावर सही झाली, परंतु मोजणी, फेरफार आणि ताबा ही कामे मागे राहिली. ज्यांस जमीन मिळाली, त्यांतील कित्येकांपाशी बैल नव्हते, बियाणे नव्हते. विनोबांनी साधनदान आणि श्रमदानही मागितले, ते याचसाठी.

मागणारा पुढच्या गावी जातो. देणारा आणि घेणारा तेथेच राहतात. म्हणून दान पोहोचते करण्याचे काम मागे राहणाऱ्यांचे होय. विनोबांनी संपत्तिदान मागितले, तेव्हा पैसा स्वतःकडे घेतला नाही. दात्याने तो आपल्यापाशीच ठेवावा, नेमल्या कामी दरवर्षी खर्चावा आणि हिशेब कळवावा, अशी त्यांची योजना होती. अशा दानात दात्यास रक्कम जाहीर करून मोकळे होता येत नाही.

आपल्याही मेळाव्यात शिष्यवृत्त्या जाहीर होतात, टाळ्या पडतात, स्मरणिकेत नावे छापली जातात. परंतु चोपड्याच्या किंवा साक्रीच्या विद्यार्थ्यास कॉलेजची फी प्रवेशाच्या दिवशीच भरावी लागते. दिवाळीनंतर आलेली रक्कम त्याच्या काय कामाची? फीची तारीख जवळ आली की हुशार मुले वर्गात दिसेनाशी होतात, हे आम्ही शिक्षकाच्या नोकरीत वारंवार पाहिले आहे.

यास्तव आमच्या तीन सूचना आहेत. जाहीर केलेली रक्कम मेअखेर जमा व्हावी. प्रत्येक विद्यार्थ्यामागे त्याच्याच तालुक्यातील एका सभासदाने उभे राहावे. फी भरली की नाही, पुस्तके मिळाली की नाही, हे त्याने पाहावे. आणि पुढील स्मरणिकेत दात्यांच्या यादीशेजारी, जाहीर किती, जमा किती व पोहोचली किती, असा तक्ता छापावा. घेणाऱ्या मुलांची नावे मात्र त्यात नसावीत. गरजेची जाहिरात होणे कोणासही रुचत नाही.

वडीलधाऱ्या मंडळींनी या सूचनांचा आजच्याच सभेत विचार करावा, अशी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.