डोळ्यांनी ऐकणारा सारथी



आमच्या तुयेत चवथीला गाड्यांची वर्दळ वाढते. बहुतेक गाड्यांत समोर गणपती असतो, सुपाएवढ्या कानांचा. पण चालवणाऱ्यालाच ऐकू येत नसेल तर? हा प्रश्न माझ्या घरचा आहे. माझा भाचा जन्मापासून कर्णबधिर. चारचाकीचा परवाना काढतो म्हणाला, तेव्हा पहिला नकार माझा. सरकारी नोकर, वर डिप्लोमाही केलेला!

नियम माझ्यापेक्षा उदार निघाले. केवळ ऐकू येत नाही म्हणून परवाना नाकारू नये, असे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने 2016 मध्येच राज्यांना कळवले होते.

परवाना मिळाल्यावर त्याने मला मोपा विमानतळापर्यंत नेले. फोन ‘डावीकडे वळा’ सांगायचा. ते ऐकू यायचे मला, त्याला नाही. तो पडद्याकडे बघायचा. अडचण तेव्हा उमगली. आपण रस्ता डोळ्यांनी बघतो, सूचना कानांनी घेतो. त्याची दोन्ही कामे डोळ्यांवर. नजर खाली गेली की तेवढा वेळ रस्ता सुटला.

अमेरिकेतल्या एमआयटीत 2009 च्या सुमारास डॅशबोर्डवर बसणारा ‘आयडा’ हा छोटा यंत्रमानव घडवला गेला. मान हलवून, चेहऱ्यावरचे भाव बदलून तो चालकाशी संवाद साधतो. तो कर्णबधिरांसाठी नव्हता. पण असा सोबती वळणाच्या दिशेला मान वळवू लागला, तर डोळ्याच्या कोपऱ्यातूनही कळेल. 2019 मध्ये ह्युंदाईने सोलमधल्या कर्णबधिर टॅक्सीचालकासाठी केलेली गाडी दाखवली. हॉर्न, सायरन ओळखून ती काचेवर चिन्ह दाखवते, स्टिअरिंग थरथरवते, दिवे लावते.

अशी गाडी आपल्या दारात येईल तेव्हा येईल. तोवर फोन नजरेसमोर लावावा, निघण्याआधी वाट बघून ठेवावी, वळणाआधी थरथरणारे घड्याळ मनगटाला बांधावे. आणि एक उपाय तुमच्याआमच्या हातात आहे. हॉर्न देऊनही पुढचा बाजू देत नसेल, तर रागावण्याआधी एकदा दिव्याची उघडझाप करा. कदाचित तो माझा भाचा असेल.

त्या दिवशी मागचे हॉर्न ऐकून मीच दचकत होतो. तो आरशात बघून शांतपणे बाजू देत होता. परतताना मला शेजारच्या सीटवर गाढ झोप लागली. मामाने याहून मोठे प्रशस्तिपत्र काय द्यावे?

गणपती बाप्पा मोरया!